नाव कमी केल्याचा दाखला

हातात कोणताही कागद दिला की कोतवालभाऊ तो आधी उजेडाकडे धरायचे. वाचायचे नंतर. दारातल्या उजेडासमोर कागद उंच करून, मान मागे घेऊन, शिक्क्याची शाई पाठीमागे उतरली आहे का ते बघायचे. उतरली असली की "पक्का हाये" म्हणत घडी घालायचे. नसली की माझ्याकडे असे बघायचे, जणू दुधात पाणी मीच घातलंय.

"अहो, हा प्रिंटरवरचा शिक्का आहे. तो मागे उतरत नाही," मी सांगायचे.

"मंग तो शिक्का कायचा, बाई? शिक्क्याचा फोटो हाये तो."



तहसील कचेरीसमोर माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि लोकांना बसायला एक बाक. उत्पन्नाच्या नाहीतर रहिवासाच्या दाखल्यासाठी तुम्ही कधी तालुक्याच्या गावी चकरा मारल्या असतील, तर माझ्यासारखी वैतागलेली बाई तुम्ही पाहिली असेल, आणि दुसऱ्याचे कागद घेऊन निवांत बसलेला असा एखादा म्हाताराही. कोतवालभाऊ जवळच्या एका गावचे निवृत्त कोतवाल. नोकरी सुटली होती, पण कचेरीला यायची सवय सुटली नव्हती. गावातल्या कुणाचा वारसाचा अर्ज, कुणाची निराधारची फाइल, सगळं खताच्या थैलीतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणायचे. कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. मी चहा मागवला तर प्यायचे, तोही "अर्धाच" म्हणत पूर्ण.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्यावरचा खटला तेव्हाही चालूच होता. कोतवालभाऊंवर खटला, हे ऐकून तालुक्यात लोक हसले होते. मला हसू आलं नाही, कारण त्या खटल्याचा पहिला कागद माझ्या दुकानात टाइप झाला होता. तेच सांगायचं आहे.

कोतवालाचं काम काय असतं, हे आता नव्या पोरांना ठाऊक नसतं. दवंडी देणं, नोटिसा बजावणं, तलाठ्याचं दप्तर उचलणं हे होतंच, पण गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं याची खबर देणं हे मोठं काम. बाळंतीण अजून न्हाली नाही तोवर यांची खबर पोचलेली असायची. "नोंद झाली नाई, त झालंच नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्न असो, भांडण असो की पाऊस असो.

एकदा यात ते फसलेही होते. गावातला एक म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता. कोतवालभाऊंना दुसऱ्या दिवशी तालुक्याला जायचंच होतं. दोन चकरा कशाला म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच खबर देऊन टाकली. म्हातारा उठून बसला आणि पुढं नऊ वर्षं जगला. दर पोळ्याला तो यांच्या दारात यायचा आणि म्हणायचा, "मले जिता कर ना बे." हे त्याला चहा पाजायचे आणि सांगायचे, "नोंद झाली, बाप्पा. आता म्या काय करू?" ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे आणि सांगताना अजिबात हसायचे नाहीत.

बायको कधीच गेली होती. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचं घर, दारात एक सीताफळाचं झाड, आणि गावच्या विहारात रविवारची वंदना. एवढ्यात त्यांचं चालायचं.

त्यांच्या घरासमोर प्रशिक राहतो. आखातात एसी दुरुस्तीच्या कामाला गेला होता. कंपनी बसली तसा परत आला, आणि त्याच्या मागोमाग दोन महिन्यांनी सुजाता आली. ती श्रीलंकेची. तिकडेच एका घरी कामाला होती, तिथं यांचं जमलं. पासपोर्टवर तिचं नाव दीड ओळीचं होतं, कुणाला वाचता येईना. पण त्यात सुजाता होतं, आणि आमच्या बौद्ध वस्त्यांमधून चार घरं सोडून एक सुजाता असतेच. त्यामुळे गावाला नाव बदलायचीही गरज पडली नाही.

पहिल्या रविवारी ती विहारात गेली. वंदना सुरू झाली आणि तिने पुस्तकाशिवाय सगळं म्हटलं. त्रिशरण, पंचशील, आणि पुढचं ते लांबलचक, जे म्हणताना आमच्या बायकांची नजर पुस्तकावरून हलत नाही. उच्चार थोडे वेगळे, शब्द तेच. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "हिले त पुरं पाठ हाये, बाप्पा," एक जण म्हणाली. कोतवालभाऊ दुसऱ्या दिवशी मला दुकानात सांगत होते तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "हे आपलीच हाये, बाई. कुठी जन्माले आली तेवढंच वेगळं."

लग्न विहारातच ठरलं. अडचण एकच होती. वधूकडून कोण उभं राहणार? आईवडील समुद्रापलीकडे. प्रशिकच्या आईला तीच गोष्ट टोचत होती. बिनमाहेरची सून आणली असं उद्या कुणी म्हणायला नको. बैठक अडली तेव्हा मागच्या रांगेतून कोतवालभाऊ उठले आणि म्हणाले, "मी उभा राह्यतो."

उभे राहिले, आणि फॉर्मवर वधूच्या पालकाच्या जागी सहीही केली. लग्नानंतर तिला चार दिवस माहेरपणाला आपल्या घरी नेलं. शेजारच्या दोन म्हाताऱ्या सोबतीला आणून निजवल्या. तिने मूल गावच्या बाजारातून नारळ आणवून माशाच्या कालवणात नारळाचं दूध घातलं. ते कालवण सासूला पुढेही कधी गिळवलं नाही, पण यांनी दोनदा मागून खाल्लं. ती यांना "तात्ता" म्हणायची. तिच्या भाषेत बाप. गावात पोरं चिडवायची, "कोतवालबाबा, तुमचा तात्ता झाला." ते ऐकून हे खुशाल मान डोलवायचे.

जुलैमध्ये धानाच्या रोवणीला सुजाता सासूबरोबर पाण्याने भरलेल्या बांधीत उतरली. दुपारी चिखलातच खाली बसली, ओठ निळे पडले होते. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. लहानपणीच्या तापाने होतं म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन नागपूरला होईल, सहा-आठ महिन्यांत व्हायला हवं, त्याच्या पुढे थांबू नका. सरकारी योजनेत फुकट आहे. तिचं नाव असलेलं रेशन कार्ड आणा.

तिथून प्रशिक, सुजाता आणि कोतवालभाऊ थेट माझ्या दुकानात आले. सुजाता बाकावर बसली होती, प्रशिक मला कागद दाखवत होता.

"आमच्या तिकडं सरकारी दवाखान्यात कार्ड नाई विचारत," सुजाता म्हणाली. आखातातल्या हिंदीत गावची बोली मिसळून ती बोलायची. "सबका फ्री. मैं जाके आती ना, तात्ता. तीन महिना."

मला आजही वाटतं, त्या क्षणी मी "जा" म्हणायला हवं होतं. प्रशिकच्या तोंडावर येत होतंच. पण कोतवालभाऊंना ते लागलं. आयुष्यभर सरकारचा बिल्ला छातीवर वागवलेला माणूस.

"काऊन जाईन? लेक बिमार पडली त देशाभाईर धाडली, असं म्हणतीन लोकं. आपल्या इथीही फुकटच हाये. कार्ड पायजे, फकस्त कार्ड."

ती हसली. बापाने सांगितलं म्हटल्यावर विषय संपला, असं तिला वाटलं असावं. प्रशिकलाही ते बरं वाटलं. गेली आणि परत येऊ दिली नाही तर, ही भीती त्याला होतीच.

दुसऱ्या दिवशी प्रशिक कचेरीत रेशन कार्डाच्या, पुरवठ्याच्या खिडकीवर गेला. आतल्या बाबूने मान वर न करता विचारलं, लग्न होऊन आली ना? मग माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा. तो प्रत्येक सुनेला हेच सांगतो. ही सून कुठून आली, हे त्याने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. चूक कुणाची म्हणायची? दिवसाला पन्नास सुनांचे नवरे त्या खिडकीवर येतात.

कोतवालभाऊंनी ते ऐकलं आणि सरळ सांगून टाकलं, "मायेर त मी हाओ. माह्याच कार्डात चढवा, अन् माह्याच कार्डातून कमी करा."

आधी चढवायचं, मग कमी करायचं. त्यांच्या हिशेबाने यात काही वाकडं नव्हतं. गावाने लग्नात त्यांना बाप म्हणून पाहिलं होतं, फॉर्मवर सही होती, म्हणजे गोष्ट घडलेली होती. राहिली होती ती फक्त नोंद. मी त्यांना म्हटलं, "कोतवालभाऊ, ती तुमची मुलगी नाही."

"मंग लगनात कोण उभं होतं, बाई? तुमी?"

मी तोंडाने फटकळ म्हणून तालुक्यात प्रसिद्ध आहे. त्या दिवशी मात्र फटकळपणा कुठे गेला कोण जाणे. बाकावर सुजाता पदराने वारा घेत बसली होती, दोन पायऱ्या चढून आली तर दहा मिनिटं बोलता येत नव्हतं. मी फॉर्म उघडला. नातं : मुलगी. पुढे एक चौकट होती, "अर्जदार व समाविष्ट व्यक्ती भारतीय नागरिक आहेत". त्यात खूण केल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. मी खूण केली. प्रतिज्ञापत्र टाइप केलं, त्यांनी सही केली, सरपंचाचं पत्र जोडलं. गावात सरपंचापासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांना खरं काय ते ठाऊक होतं, आणि एकालाही यात लबाडी दिसली नाही. लेकीला माहेर दिलं होतं, आता ते कागदावर येत होतं, इतकंच.

नाव चढलं. आधारही त्याच पत्रांवर निघालं. दिवाळीनंतर नाव कमी करायची वेळ आली.

"कमी करताना तिले यावं लागन का?" त्यांनी विचारलं.

"नाही. काही गरज नाही."

"येऊ द्या पण."

तिला घेऊन आले. बरोबर पिशवी होती. नवे तांदूळ, लाखोळीची डाळ, वाळलेल्या मिरच्या, स्वतः बांधलेले पोह्यांचे लाडू. लाडू कसले, मुठीत दाबलेला गूळ होता तो. प्रिंटरमधून दाखला आला तशी त्यांनी पिशवी सुजाताच्या मांडीवर ठेवली. तिला आधी काही कळेना, मग कळलं आणि ती हसायला लागली. "तात्ता, मैं तो सामनेवाले घर में ही जाती." मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. ते दाखला उजेडाकडे धरून उभे होते, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून होते. झेरॉक्सला आलेली दोन पोरं त्यांच्याकडे बघत होती. मी त्या पोरांना काहीतरी ओरडून बाहेर काढलं.

प्रशिकच्या कार्डावर तिचं नाव लागलं. दवाखान्याचं कार्ड निघालं. नागपूरची तारीख मिळाली, फेब्रुवारीची. कोतवालभाऊ कचेरीत भेटेल त्याला सांगत होते, "पाह्यलं? फुकट. आपल्या इथी."

जानेवारीत तिच्या राहण्याच्या परवानगीची मुदत वाढवायची होती. त्यासाठी जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयात फाइल द्यावी लागते. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, फोटो, एवढं पुरतं. पण कोतवालभाऊंनी प्रशिकला बजावलं होतं, "एकही कागद सोडू नोको. जास्त झाले त चालते, कमी नोको." त्यांच्या सगळ्या नोकरीचा अनुभव तोच होता. म्हणून त्याने सगळे जोडले. रेशन कार्ड, आधार, नाव कमी केल्याचा दाखला, सगळे व्यवस्थित, क्रमाने, पिन लावून.

तिथल्या साहेबांनी पासपोर्ट आणि दाखला शेजारी शेजारी ठेवले. एकात बाप परदेशातला, एकात बाप आमचा कोतवाल. परदेशी बाईने भारतीय असल्याचे कागद केले, असा त्याचा अर्थ निघाला. पासपोर्ट जमा झाला, चौकशी सुरू झाली, दवाखान्याचं कार्ड बंद पडलं. फेब्रुवारीची तारीख गेली. तिने स्वतःहून परत जावं म्हटलं तर चौकशी संपेपर्यंत देश सोडता येत नाही. इथे तिला काही मिळत नव्हतं आणि तिथे जाता येत नव्हतं. महिन्यात ती भिंतीला टेकून झोपायला लागली, आडवं झालं की दम लागायचा.

कोतवालभाऊंना जबाबाला बोलावलं. मला म्हणाले, "चाला, बाई. तुमाले ते ऑनलाइनचं समजते." मी गेले. खरं सांगते, त्यांच्या मदतीला गेले नाही. ते माझ्याबद्दल काय सांगतात, ते ऐकायला गेले.

साहेब वाईट नव्हते. आवाज न चढवता विचारत होते. "हा अर्ज कोणी भरला?"

"म्याच भरला, साहेब."

"तुम्हाला कॉम्प्युटर येतो?"

"येते. बोटानं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. आता इथे सांगते आहे.

मग साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा बाबा. ही माझी मुलगी आहे असं तुम्ही म्हणत राहाल, तोवर गुन्हा तिच्यावर आहे. तिने खोटा बाप दाखवला असं होतं. पासपोर्ट सुटणार नाही. तुम्ही लिहून द्या की ती तुमची कोणी नाही, हे सगळं तुम्ही तिच्या नकळत केलं. गुन्हा तुमच्यावर येईल. ती सुटेल. जाऊ द्या तिला तिच्या देशात, ऑपरेशन तरी होईल."

"पोरगी त हाये, साहेब," ते म्हणाले.

"कागदावर, बाबा."

"कागदावर त हायेच. म्हणूनच त तुमी बोलावलं."

त्या दिवशी त्यांनी सही केली नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून होते. साहेबाला समजलं नाही, एवढंच दोनदा म्हणाले. मला राग आला. म्हातारा माणूस आपलीच एक खुर्ची हट्टाने धरून बसतो तशी त्यांनी ती नोंद धरली होती, आणि त्यापायी पोरीचा जीव जात होता. मी बसमध्येच तोंडावर बोलले, "तिला तेव्हा जाऊ दिलं असतं तर आज बरी होऊन परत आली असती. तुम्ही अडवलीत." माझा फटकळपणा परत आला होता, आणि आला तो असा, नको तिथे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "हो," म्हणाले. "म्या अडोली."

चौथ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर बसले होते. "लिव्हा," म्हणाले.

साहेबांनी मजकूर दिलेला होताच. मी टाइप करून वाचून दाखवला. "सदर महिला माझी मुलगी नाही. तिचा व माझा कोणताही संबंध नाही. मी तिच्या नकळत खोटे प्रतिज्ञापत्र केले."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"कोणताही संबंध नाई, असं काऊन? लगनात उभा होतो, ते खरं हाये. तेवढं त लिव्हा."

"ते लिहिलं तर पुन्हा नातं दाखवल्यासारखं होईल, भाऊ."

"मंग ओळख हाये, असं लिव्हा."

"तेही नको म्हणालेत."

बराच वेळ पेन धरून बसले. सही चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची, प्रत्येक अक्षर सुटं. सही झाल्यावर मी कागद घ्यायला हात पुढे केला, तर त्यांच्या बोटांखालून तो निघेना. मी ओढला.

गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला. जामीन झाला. वकिलाने बजावलं, बाई देशाबाहेर जाईपर्यंत तिच्या घराकडे फिरकायचं नाही, बोलायचं नाही. कुणी पाहिलं तर जबाब खोटा ठरेल आणि पासपोर्ट पुन्हा अडकेल. समोरासमोर घरं. त्यांनी आपलं पुढचं दार लावून घेतलं आणि मागच्या आवारातून ये-जा सुरू केली.

सुजाताला प्रशिकने सगळं समजावलं होतं. पण समजणं वेगळं. जूनमध्ये एकदा पावसामुळे मागची वाट बंद झाली आणि ते पुढून निघाले. ती दारात बसलेली होती. कोतवालभाऊ माझ्या बाकावर बसून सांगत होते, "तीनदा हाका मारल्या तिनं. तात्ता, तात्ता, तात्ता. म्या छत्री आडवी धरली." चहा मागवला तर नको म्हणाले. अर्धासुद्धा नको म्हणाले.

जूनच्या शेवटी पासपोर्ट मिळाला. प्रशिकच्या आखातातल्या मित्रांनी तिकिटं काढली. नागपूरहून चेन्नई, तिथून पुढे. तिकडे तिच्या भावाने दवाखान्यात बोलून ठेवलं होतं. जायला पाच दिवस उरले असताना, मंगळवारी सकाळी, सासूने केस विंचरून दिले आणि ती अंगणात बसल्या बसल्या गेली.

परदेशी बाईची मयत सोपी नसते. पोलीस आले, जिल्ह्याला कळवलं, जिल्ह्याने पुढे कळवलं. तिच्या आईकडून लिहून आलं की तिथेच करा. बर्फाच्या पेटीत दोन दिवस ठेवावं लागलं. गुरुवारी परवानगी आली. पोलीस पाटलाने सगळ्यांना जवळ घेऊन सांगितलं, "सारे कागद जुळले हाये. आता कोणी जास्तीचं बोलू नोका. काही वेगळं निघालं त मयत पुन्हा जिल्ह्याले नेतीन."

मी गेले होते. अंघोळ घालून झाली होती. सासूने आणलेलं पांढरं पातळ बाजूला घडी करून ठेवलं होतं, आणि ते कुणी उचलत नव्हतं. म्हाताऱ्या बायका मयताभोवती नुसत्या बसून होत्या. मला आधी कळेना. मग कळलं. आमच्याकडे नवऱ्यामागे जाणारी असो की नवऱ्याआधी, लग्न झालेल्या बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं असतं. त्याशिवाय तिला उचलत नाहीत. त्या थांबल्या होत्या, आणि कशासाठी थांबल्या ते एकीलाही तोंडाने म्हणता येत नव्हतं. अंगणात हवालदार खुर्ची टाकून वही मांडीवर घेऊन बसला होता. जबाबाच्या दिवशी साहेबांच्या शेजारी तोच होता.

"काऊन थांबले? उचला ना, पाऊस येऊन राह्यला," तो म्हणाला.

समोरचं दार उघडलं. कोतवालभाऊ पुढच्या दाराने बाहेर आले, रस्ता ओलांडून अंगणात आले. काखेत कागदात बांधलेलं पांढरं लुगडं होतं, निळ्या बारीक काठाचं. प्रशिक भिंतीला धरून उभा होता, त्याने मान वळवली. हवालदाराने वही उघडली. त्याला लिहावंच लागणार होतं, कोण आलं, काय आणलं.

"बाबा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही मयताचे कोण?"

मला वाटलं आता ते खरं सांगतील आणि सगळं पुन्हा सुरू होईल. सगळ्यांनाच वाटलं असावं. सासूने पदर तोंडात धरला.

"कोणी नाई, साहेब," कोतवालभाऊ म्हणाले. "गावातला हाओ."

आणि त्यांनी लुगडं सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातात दिलं. तिने ते कपाळाला लावलं, हवालदाराकडे एकदा पाहिलं, आणि आत वळून बायकांना म्हणाली, "चाला. आलं."

बायका उठल्या. हवालदाराने कोतवालभाऊंचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि नात्याच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली.